तहसीलदारांची खुर्ची ते विधानसभेचे सभागृह: सत्ताविभाजन म्हणजे नेमके काय?

यावल किंवा रावेर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याचा केळीचा माल बाहेर काढण्याचा रस्ता शेजाऱ्याने काटेरी कुंपण घालून अडवला, तर तो शेतकरी दिवाणी न्यायालयात जाण्याआधी बहुधा तहसील कचेरीची पायरी चढतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार त्याचा दावा दाखल करून घेतात, समोरच्याला नोटीस काढतात, जागेची पाहणी होते, दोघांचे म्हणणे ऐकले जाते आणि अडथळा दूर करण्याचा किंवा दावा फेटाळण्याचा निर्णय होतो. हेच तहसीलदार त्याच आठवड्यात महसूल वसुलीचा आढावा घेतात, अतिवृष्टीच्या नुकसानीचे पंचनामे मागवतात आणि गणेशोत्सवाच्या तोंडावर कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने एखाद्याकडून शांतता राखण्याचे बंधपत्रही लिहून घेतात. या शेवटच्या कारवाईला तालुक्याच्या गावी अजूनही ‘चॅप्टर केस’ म्हणतात. कायदेमंडळ कायदे करते, कार्यकारी मंडळ ते राबवते आणि न्यायमंडळ न्याय देते, असे आपण शाळेच्या नागरिकशास्त्रात पाठ केलेले असते. त्या चित्रात हे तहसीलदार कोणत्या खान्यात बसवायचे?

ते कार्यकारी मंडळाच्याच खान्यात बसतात, मात्र त्यांच्याकडे न्यायनिवाड्यासारखे काही काम कायद्याने सोपवलेले आहे आणि अशा कामाला अर्धन्यायिक काम म्हणतात. एवढ्यावरून सत्ताविभाजन मोडले असे होत नाही. बांधावरून जाण्या-येण्याच्या हक्काबाबत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांनी दिलेला निर्णय ज्याला मान्य नसेल, त्याला एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावून तो निर्णय रद्द करून घेता येतो किंवा बदलून घेता येतो. म्हणजे पहिला निर्णय कार्यकारी अधिकाऱ्याचा असला, तरी तोच अखेरचा ठरवण्याची मुभा त्या अधिकाऱ्याला नाही. आपल्या राज्यघटनेतले सत्ताविभाजन समजून घ्यायचे, तर कोणते काम कोण करतो एवढे पाहून भागत नाही. त्या कामाची तपासणी ते करणाऱ्याच्या हाताबाहेर आहे की नाही, हे पाहावे लागते. पुढचे सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

ही कल्पना आधुनिक स्वरूपात मांडण्याचे श्रेय माँटेस्क्यू या फ्रेंच विचारवंताला दिले जाते. कायदा करण्याची, तो अमलात आणण्याची आणि त्यानुसार निवाडा करण्याची सत्ता एकाच हाती गेली, तर स्वातंत्र्य उरत नाही, असे त्याने १७४८ मध्ये सांगितले. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या बंधाऱ्यांवर चालत आलेली फड बागायत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजायला फ्रान्सपर्यंत जाण्याची गरज नाही. कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या कोणत्या गटात, कोणते पीक घ्यायचे हे बागायतदार मिळून ठरवतात आणि त्या ठरावाप्रमाणे पाणी सोडण्याचे काम पाटकरी करतो. उद्या पाटकरीच पीक ठरवू लागला, पाणीही तोच सोडू लागला आणि पाणी मिळाले नाही ही तक्रारही त्याच्याकडेच करावी लागली, तर पाटाच्या शेवटाला ज्याची जमीन आहे त्याचे काय होईल, हे कोणत्याही बागायतदाराला सांगावे लागणार नाही.

खानदेशाने अशी एकवटलेली सत्ता प्रत्यक्ष अनुभवलेली आहे. १८१८ मध्ये हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला, पुढे १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पण ब्रिटिश अमलात जिल्ह्याचा कलेक्टर हाच जिल्हा दंडाधिकारीही असे. सारा वसूल करणारा तोच, कायदा व सुव्यवस्था सांभाळणारा तोच आणि फौजदारी खटले चालवणारे दंडाधिकारीही त्याच्याच हाताखालचे, अशी ती रचना होती. सरकारविरुद्ध बोलल्याबद्दल पकडलेल्या माणसाचा खटला सरकारच्याच अधिकाऱ्यापुढे चालत असे, म्हणून फौजदारी न्याय महसुली अधिकाऱ्यांच्या हातून काढून घ्यावा ही राष्ट्रीय सभेची सुरुवातीपासूनची मागणी होती. प्रौढ मतदानाने निवडलेल्या संविधान सभेची मागणी करणारा ठराव १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेने ज्या अधिवेशनात केला, ते यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरले होते, हे इथल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

संविधान सभा प्रत्यक्षात आली, तेव्हा फौजदारी न्यायाची ही जुनी मागणी कलम ५० मध्ये उतरली. राज्याच्या लोकसेवांमध्ये न्यायमंडळ कार्यकारी मंडळापासून वेगळे करण्यासाठी राज्य उपाययोजना करील, असे हे मार्गदर्शक तत्त्व आहे. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्येच स्वतंत्र कायदा केला आणि देशभरासाठी ही विभागणी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झाली. ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि खटला चालवून शिक्षा देण्याचे काम उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखालील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेले, तर शांतताभंग टाळण्यासारखे प्रतिबंधक काम तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे राहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही विभागणी कायम आहे. जुन्या कलम १४४ खालची जमावबंदी आता कलम १६३ खाली लागू होते आणि शांततेचे बंधपत्र घेण्याचे जुन्या कलम १०७ चे काम कलम १२६ करते, एवढाच फरक पक्षकाराला जाणवतो.

न्यायमंडळाच्या बाजूला घटनाकारांनी पक्की सीमा आखली. कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ यांच्यामध्ये मात्र त्यांनी ती मुद्दामच आखली नाही, आणि ‘तीन स्वतंत्र स्तंभ’ हे पाठांतर नेमके इथे दिशाभूल करते. प्रा. के. टी. शहा यांनी १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत अशी दुरुस्ती मांडली होती की, कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ यांच्यात संपूर्ण विभाजन असावे. ती दुरुस्ती फेटाळली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याआधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना, अमेरिकी पद्धतीत सरकारला स्थैर्य अधिक मिळते आणि संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक मिळते, आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला प्राधान्य दिले आहे, अशी मांडणी केलेली होती. अमेरिकेचा अध्यक्ष काँग्रेसचा सदस्य नसतो आणि तिच्या विश्वासावर टिकूनही नसतो. आपल्याकडे मात्र सहा महिन्यांच्या आत विधिमंडळाचे सदस्यत्व न मिळालेल्या मंत्र्याचे मंत्रिपद जाते, आणि कलम १६४ नुसार मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या विधानसभेला जबाबदार असते.

जळगावचे अकरा, धुळ्याचे पाच आणि नंदुरबारचे चार असे खानदेशाचे वीस आमदार २८८ सदस्यांच्या विधानसभेत बसतात. त्यांच्यापैकी जो मंत्री होतो, तो कायद्यावर मत देणाऱ्यांतही असतो आणि तो कायदा राबवणाऱ्यांतही असतो. उरलेल्यांनी त्याला तारांकित प्रश्न विचारायचे, लक्षवेधी लावायची, अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर कपात सूचना मांडायच्या, लोकलेखा समितीत खर्चाचा हिशेब तपासायचा आणि वेळ आलीच तर अविश्वासाचा ठराव आणायचा, असे गृहीत आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांपुरती मर्यादित केली, तीही काही अंशी एवढ्यासाठी की सरकारला प्रश्न विचारायला सभागृहात माणसे उरावीत.

प्रत्यक्षात ही बाजू लंगडी झाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडणाऱ्या आमदाराची आमदारकी धोक्यात येते, त्यामुळे सत्ताधारी बाकांवरून सरकारला धारेवर धरणारा आवाज जवळपास नाहीसा झाला. त्यातून अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षातून निवडून आलेले. सभागृहाकडून सरकारची जी झाडाझडती व्हायची, ती सभागृहात होत नाही आणि मग तेच प्रश्न याचिकांच्या रूपाने न्यायालयात जातात. न्यायालये फार हस्तक्षेप करतात अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा त्या हस्तक्षेपाला जागा कोणी करून दिली हेही विचारले पाहिजे.

वटहुकमाचे उदाहरण याच जातीचे आहे. सभागृहाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली, तर कलम २१३ खाली राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वटहुकूम काढतात आणि त्याला कायद्याचेच बळ असते. म्हणजे तेवढ्यापुरते कार्यकारी मंडळच कायदा करते. मात्र अधिवेशन पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहाने तो मंजूर केला नाही, तर तो संपतो. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले आणि त्यांतले काही पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी हे खणून काढले आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार घटनेची फसवणूक ठरवला.

कायदेमंडळ आणि न्यायालय समोरासमोर आले की काय होते, याचा धडा खानदेशाने अलीकडेच घेतला. ५ जुलै २०२१ रोजी, तालिका अध्यक्षांशी, म्हणजे अध्यक्षांच्या जागी सभागृह चालवणाऱ्या सदस्याशी, गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून, महाराष्ट्र विधानसभेने भाजपच्या बारा आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले. त्यांत जामनेरचे गिरीश महाजन आणि शिंदखेड्याचे जयकुमार रावल हे दोघे होते. घटनेचे कलम २१२ सांगते की, कामकाजाच्या पद्धतीत अनियमितता झाली या कारणावरून विधिमंडळाचे कामकाज न्यायालयात आव्हानास पात्र नाही, आणि शासनाचा बचाव मुख्यतः याच आधारावर होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी तरीही ठराव रद्द केला, आणि त्यामागचा युक्तिवाद सावकाश समजून घेण्यासारखा आहे. सभागृहाला शिस्त लावण्याचा अधिकार आहे, हे न्यायालयाने नाकारले नाही. पण निलंबन त्या अधिवेशनापुरते असू शकते, त्यापलीकडे नाही, असे त्याने म्हटले. कलम १९० नुसार सदस्य परवानगीविना साठ दिवस गैरहजर राहिला, तर सभागृह ती जागा रिक्त घोषित करू शकते, आणि रिक्त जागा सहा महिन्यांत पोटनिवडणुकीने भरावी लागते. वर्षभराच्या निलंबनात जागा रिक्तही होत नाही आणि भरलीही जात नाही, म्हणजे मतदारसंघ वर्षभर प्रतिनिधीशिवाय राहतो. हकालपट्टी झाली असती, तर मतदारांना निदान नवा आमदार तरी निवडता आला असता. शिक्षा आमदाराला द्यायची होती, ती जामनेर आणि शिंदखेड्याच्या मतदारांनाही झाली. न्यायालयाने इथे कामकाजातली अनियमितता तपासली नाही, तर मुळात तो अधिकार होता का हे तपासले. या दोहोंतला फरक हीच कलम २१२ ची हद्द आहे.

उलट बाजूने कायदेमंडळ न्यायनिवाड्यात शिरते, तेव्हा काय? याचे मोठे उदाहरण १९७५ चे आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द केली आणि ऑगस्टमध्ये ३९ वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढण्यात आला. इतकेच नव्हे, ती निवडणूक वैध असल्याचे दुरुस्तीतच जाहीर करण्यात आले. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा मतांनी घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त, म्हणजे संसदेला घटना दुरुस्त करता येते पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही हे तत्त्व, मान्य झालेले होते. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी त्या दुरुस्तीचा तो भाग रद्द केला. निवडणूक वैध की अवैध याचा निवाडा संसदेने स्वतः करणे म्हणजे कायदा करणे नव्हे, असे त्यामागचे म्हणणे. पंतप्रधानांची निवडणूक त्याच निकालात, पूर्वलक्षी प्रभावाने बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे, कायम राहिली, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. यातून निघणारा नियम असा, की कायदेमंडळ उद्यापासूनचा, काही वेळा कालपासूनचाही, कायदा बदलू शकते. पण एखाद्या ठरावीक वादाचा निकाल नुसत्या ठरावाने फिरवू शकत नाही. निकाल ज्या उणिवेवर उभा आहे, ती उणीव दूर करावी लागते.

हा नियम धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा परिषदांच्या बाबतीत इतका सविस्तर पाहायला मिळाला की, पाठ्यपुस्तकात घालावा. या दोन्ही परिषदांसाठी ७ जानेवारी २०२० रोजी मतदान झाले. घटनेच्या कलम २४३-घ नुसार अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखणे बंधनकारक आहे, तर इतर मागासवर्गासाठी जागा राखायच्या की नाही हे राज्याच्या कायद्यावर सोडलेले आहे. महाराष्ट्राच्या १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यात ते प्रमाण सरसकट २७ टक्के होते. नंदुरबारची अनुसूचित जमातीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ टक्के होती. तिथे २७ टक्के वर जोडल्यावर एकूण आरक्षणाचे काय होते, ते सांगायला नको. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पूर्ण रद्द न करता त्याचा अर्थ मर्यादित केला. स्वतंत्र आयोगाने मागासलेपणाची पाहणी करावी, त्यावरून प्रत्येक स्थानिक संस्थेपुरते प्रमाण ठरावे आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ नये, या तीन कसोट्या २०१० च्या घटनापीठाच्या निकालातच आलेल्या होत्या आणि महाराष्ट्राने त्या पूर्ण केलेल्या नव्हत्या. परिणामी निवडून येऊन वर्षभर काम केलेल्या सदस्यांची पदे गेली. धुळ्याच्या पंधरा आणि नंदुरबारच्या अकरा जागांसाठी ५ ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणूक झाली.

पुढचे नाट्य पाहा. राज्य सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये वटहुकूम काढून पन्नास टक्क्यांच्या आत इतर मागासवर्गाचे आरक्षण परत आणण्याचा प्रयत्न केला. पण आयोगाची पाहणी झालेली नसल्याने ६ डिसेंबरला न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तीन कसोट्यांपैकी शेवटचीच पाळली गेली होती. त्यानंतर या पाहणीसाठी बांठिया आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल आला आणि २० जुलै २०२२ रोजी न्यायालयाने त्या आधारे निवडणुका घेण्यास संमती दिली. दरम्यान मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेणारा कायदा केला. निवडणुका कधी आणि कशा घ्यायच्या हे कलम २४३-ट नुसार स्वतंत्र आयोगाच्या अखत्यारीत असताना, प्रभागांच्या सीमा आखण्याचा अधिकार मात्र सत्तेवर असलेल्या सरकारकडे जाणे हे मला योग्य वाटत नाही. ज्याला निवडून यायचे आहे, त्यानेच मैदान आखू नये.

न्यायालयाने कुठे थांबायचे, याचेही उदाहरण नंदुरबारचेच आहे. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावे बाधित झाली. धरणाचे काम काही वर्षे न्यायालयाच्या आदेशामुळे थांबलेले होते. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने सांगितले की, धरण बांधायचे की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो न्यायालयाने नव्याने उकरायचा नाही. मात्र उंची वाढवायची, तर पुनर्वसन त्याच्या बरोबरीने झाले पाहिजे, ही अट घातली गेली. ज्यांची घरे गेली त्यांना हा संयम नव्हे, तर माघार वाटली, आणि भिन्नमताच्या न्यायमूर्तींनाही पर्यावरणीय मंजुरीचा प्रश्न इतका सोपा वाटला नव्हता. धोरण कार्यकारी मंडळाचे हे तत्त्व मान्य करूनही, त्या धोरणाची किंमत मोजणाऱ्याचे हक्क कोणी मोजायचे हा प्रश्न उरतोच.

याउलट १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल अगदी स्वच्छ आहे. एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आहे म्हणून त्याचे घर बुलडोझरने पाडणे म्हणजे कार्यकारी मंडळाने न्यायाधीश होणे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. न्यायाधीशांच्या नेमणुकांचा वाद इथे थोडक्यातच सांगतो: ९९ व्या घटनादुरुस्तीने आणलेला नियुक्ती आयोग न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी रद्द केला आणि न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची न्यायवृंद पद्धत कायम राहिली. इतरांना लावलेला निकष न्यायालय स्वतःला लावते का, ही शंका त्यामुळे रास्तपणे घेतली जाते.

सत्ताविभाजन नसले तर काय होते, हे पाहायला दिल्लीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबल्याने तिथे प्रशासक आले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगेपर्यंत राज्यभरातल्या बहुसंख्य स्थानिक संस्थांची हीच स्थिती होती. एरवी मुख्य कार्यकारी अधिकारी प्रस्ताव ठेवतात, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा तो मंजूर किंवा नामंजूर करते आणि मंजूर झालेला खर्च अधिकारी करतात. प्रशासकाच्या काळात सभेचे अधिकारही त्याच अधिकाऱ्याकडे जातात. शाळेच्या वर्गखोल्यांचा प्रस्ताव त्यांच्याच कार्यालयातून निघतो, त्याला मंजुरी त्यांचीच आणि काम करवून घेणारेही तेच. आपल्या गटातला रस्ता यादीतून का वगळला, हे सभेत उभे राहून विचारणारा सदस्य नसतो. त्यावर हरकत घ्यायची, तर ती नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे पुन्हा कार्यकारी मंडळाकडेच, आणि तिथेही दाद लागली नाही तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका.